फुकटचा क्यूआर कोड: बनवायचा कसा आणि फुकटच ठेवायचा कसा

एका शिबिराची ४०० पत्रकं छापायची होती आणि नावनोंदणीचा फॉर्म ऑनलाइन होता. मी ‘मोफत क्यूआर कोड’ असं शोधलं, पहिली दिसली ती साइट उघडली, लिंक डकवली आणि गोलसर ठिपक्यांचा देखणा निळा कोड उतरवून घेतला. पत्रकं छापली, वाटली, दोन आठवडे नावंही येत राहिली. मग एकाचा फोन आला, “अहो, तुमचा फॉर्म उघडतच नाहीये. प्लॅन विकत घ्या म्हणून काहीतरी येतंय.” साइटची चौदा दिवसांची मुदत संपली होती. फॉर्म जागेवर होता, पत्रकं लोकांच्या हातात होती. मधला रस्ता तेवढा दुसऱ्याच्या मालकीचा निघाला.

तेव्हापासून कुणी क्यूआर कोडबद्दल विचारलं की मी आधी एकच गोष्ट सांगतो. कोडला मुदत नसते. क्यूआर कोड म्हणजे ठिपक्यांच्या लिपीत लिहिलेला मजकूर, आणि कागदावर छापलेली ओळ काही चौदा दिवसांनी पुसली जात नाही. मुदत असते ती मध्ये येऊन बसलेल्या साइटला. एवढं डोक्यात पक्कं असलं की बाकीचं काम दहा मिनिटांचं आहे.

स्टॅटिक की डायनॅमिक?

स्टॅटिक कोडमध्ये तुम्ही दिलेली लिंक जशीच्या तशी असते. कॅमेऱ्याने वाचली, उघडली, झालं. मध्ये कुणी नाही, त्यामुळे कोड बनवणारी साइट उद्या बंद पडली तरी तुमचा कोड चालूच राहतो. तोटा एकच: छापल्यावर आतली लिंक बदलता येत नाही.

डायनॅमिक कोडमध्ये तुमची लिंक नसतेच. त्या साइटची स्वतःची छोटी लिंक असते, आणि ती स्कॅन करणाऱ्याला तुमच्या पानाकडे वळवते. म्हणून छापून झाल्यावरही पत्ता बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केलं ते मोजता येतं. सोय चांगली आहे आणि काहींना तिचे पैसे देणं परवडतंही. माझा राग त्या सोयीवर नाही. मोफत म्हणून बोलवायचं, न विचारता डायनॅमिक कोड हातात द्यायचा आणि पत्रकं वाटून झाल्यावर फाटक लावायचं, यावर आहे.

तुमच्या हातातला कोड कोणत्या जातीचा, ते ओळखणं सोपं आहे. फोनचा कॅमेरा त्यावर धरा, पण लिंकवर टिचकी मारू नका. स्क्रीनवर जो पत्ता दिसतो तो तुम्ही दिलेलाच असेल तर कोड स्टॅटिक. भलतंच छोटं नाव दिसलं तर डायनॅमिक. हे बघायला पाच सेकंद लागतात. मी ते ४०० पत्रकं छापून झाल्यावर शिकलो.

आणखी एक खूण: खातं उघडल्याशिवाय, ईमेल दिल्याशिवाय जी साइट कोड उतरवू देत नाही, तिथे जरा थांबून विचार करा. साध्या कोडला खात्याची काहीच गरज नसते.

फुकट असण्यामागे काय आहे

क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये तयार झाला. डेन्सो ही मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी, आणि कारखान्यातल्या भागांचा माग ठेवायला उभ्या रेघांचा बारकोड अपुरा पडत होता. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिपक्यांचा चौकोन काढला. ‘क्विक रिस्पॉन्स’, म्हणजे झटपट उत्तर, यावरून नाव पडलं क्यूआर. कंपनीने, म्हणजे आजच्या डेन्सो वेव्हने, पेटंट घेतलं, पण ठरलेल्या मानकाप्रमाणे कोड बनवणाऱ्यांवर आपला हक्क चालवायचा नाही असं जाहीर केलं. २००० साली त्याचं आंतरराष्ट्रीय मानकही झालं. म्हणून कोड बनवायला परवाना लागत नाही की शुल्क लागत नाही, आणि तो बनवणारी साधनं ब्राउझरमध्येच येऊन बसली आहेत.

कोडच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन हे त्याचे डोळे. कुठल्याही दिशेने रेघ त्यांच्या मध्यातून काढा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांचं प्रमाण १:१:३:१:१ असंच येतं. छापील कागदांवर हे प्रमाण सहसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम ते निवडलं. त्यामुळे कोड उलटा धरला, तिरका धरला, तरी कॅमेरा त्याला गर्दीतून शोधून काढतो.

लिंकचा कोड, ब्राउझरमधूनच

नव्या माणसाने कुठलीही साइट शोधू नये असं माझं मत आहे. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा एज असेल तर काम तिथेच होतं:

१. ज्या पानाचा कोड हवा ते पान उघडा.

२. पानावर मोकळ्या जागी माउसचं उजवं बटण दाबा. यादीत या पानासाठी क्यूआर कोड तयार करण्याचा पर्याय असतो, तो निवडा.

३. छोट्या चौकटीत कोड दिसेल, खाली पत्ता दिसेल. पत्त्याच्या शेपटाला अनावश्यक काही चिकटलंय का ते बघा (याबद्दल पुढे सांगतो).

४. डाउनलोड करा. पीएनजी प्रकारचं चित्र मिळतं.

फोनवर क्रोममध्ये शेअर करा दाबलं की तिथेही क्यूआर कोडचा पर्याय सापडतो. क्रोमच्या कोडच्या मधोमध एक छोटा डायनोसॉर बसलेला असतो. नेट नसताना उड्या मारतो तोच. घरगुती कामाला तो गोड दिसतो, औपचारिक पत्रावर नको वाटेल.

डायनोसॉर नको असेल तर लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या ६.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ‘इन्सर्ट’ मेन्यूत क्यूआर कोडची सोय आहे. लिंक लिहायची, चुकांची दुरुस्ती (कोडचा थोडा भाग बिघडला तरी तो वाचता यावा यासाठीची सोय) किती हवी ते निवडायचं आणि कोड थेट कागदावर उतरतो. चित्रकामासाठी इंकस्केप वापरत असाल तर त्याच्या एक्स्टेन्शनमध्ये बारकोडखाली क्यूआर आहे, आणि तिथला कोड कितीही मोठा केला तरी फाटत नाही. कॅनव्हात डिझाइन करणाऱ्यांना कॅनव्हातच कोड घालता येतो.

आणि साइटच वापरायची असेल तर ही एक युक्ती. साइट उघडा, मग फोनचं किंवा कॉम्प्युटरचं नेट बंद करा आणि मजकूर टाकून बघा. तरीही कोड तयार झाला तर काम तुमच्याच यंत्रावर होतंय. नाही झाला, तर तुम्ही लिहिलेलं साइटच्या सर्व्हरवर जातं. सार्वजनिक लिंक असेल तर हरकत नाही, वाय-फायचा पासवर्ड असेल तर हरकत आहे.

लिंक जितकी लहान, कोड तितका मोकळा

लोकांना वाटतं कोड दिसायला सगळे सारखेच. तसं नाही. सर्वांत लहान कोडात २१ × २१ घरं (एका ठिपक्याची जागा म्हणजे एक घर) असतात, सर्वांत मोठ्यात १७७ × १७७. मधले ३८ आकार प्रत्येकी चार-चार घरांनी वाढत जातात. मजकूर वाढला की घरं वाढतात, आणि कागदावरची जागा तेवढीच असेल तर प्रत्येक घर बारीक होतं.

हिशोब करून बघू. २६ अक्षरांची लिंक मध्यम दुरुस्तीच्या कोडात २५ × २५ घरांत बसते. तीच लिंक कुठल्या तरी संदेशातून उचलल्यामुळे, मागे प्रश्नचिन्ह आणि माग काढणारी लांबलचक शेपटी घेऊन १५० अक्षरांची झाली, की ४९ × ४९ घरं लागतात. दोन्ही कोड अडीच सेंटिमीटरचे छापले तर पहिल्याचं घर एक मिलिमीटरचं, दुसऱ्याचं जेमतेम अर्ध्याचं. संध्याकाळच्या उजेडात, जुन्या फोनवर, हलत्या हाताने हा फरक कळतो. म्हणून आधी प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं खोडून बघा. पान तरीही तेच उघडत असेल तर ती शेपटी बिनकामाची होती. काही साइटवर मात्र प्रश्नचिन्हानंतरच पानाचा खरा क्रमांक असतो, तेव्हा तपासल्याशिवाय छाटू नका.

मराठी लिहिणाऱ्यांना इथे एक खास खड्डा आहे. लिंकमध्ये देवनागरी अक्षरं असतील तर कॉपी करताना प्रत्येक चिन्हाचं टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरांत रूपांतर होतं. ‘नमस्कार’ हा एवढासा शब्द, पण न, म, स, हलन्त, क, काना, र अशी त्यात सात चिन्हं आहेत, म्हणजे लिंकमध्ये ६३ अक्षरं. देवनागरी शीर्षकाच्या एखाद्या लेखाची लिंक कोडात घातली की मुंग्यांचं वारूळ का दिसतं, ते आता कळेल. अशा पानाला रोमन अक्षरांतली आखूड लिंक असेल तर ती वापरा. मराठी विकिपीडियाच्या लेखांना बाजूच्या साधनांमध्ये छोटी लिंक मिळते, ती अशा वेळी उपयोगी पडते.

कोडात लिंक न घालता साधा मराठी मजकूरही घालता येतो. तिथे नऊची भानगड नाही, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट पुरतात, त्यामुळे ‘नमस्कार’ २१ बाइटांत मावतो. पण दोनेक ओळींपुढे जाऊ नका. कोडची कमाल क्षमता २,९५३ बाइट आहे, म्हणजे देवनागरीची सुमारे ९८० चिन्हं. तेवढा भरलेला कोड वाचायला चांगला कॅमेरा, मोठा कागद आणि संयम, तिन्ही लागतात.

नंतर बदलायचं असेल तर

डायनॅमिक कोडचे पैसे न देता तीच सोय मिळवायची साधी वाट आहे: कोड बदलायचाच नाही, त्याच्या टोकाला जे पान आहे ते बदलायचं. कोड गुगल डॉकवर किंवा स्वतःच्या साइटच्या एखाद्या पानावर न्या, आणि वेळापत्रक बदललं की त्या पानातला मजकूर बदला. पीडीएफ असेल तर ती गुगल ड्राइव्हवर ठेवा. नवी फाइल वेगळी चढवू नका, जुन्याच फाइलच्या आवृत्त्यांमध्ये जाऊन नवी आवृत्ती चढवा. लिंक तीच राहते, आत नवी पीडीएफ येते.

ड्राइव्हवर सर्वांत जास्त होणारी चूक परवानगीची. फाइल फक्त तुम्हालाच उघडी असते, तुम्ही स्वतःच्या फोनवर तपासता, ती छान उघडते, आणि बाकी सगळ्यांना ‘परवानगी मागा’ असं दिसतं. शेअरमध्ये जाऊन लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल असं करा, आणि तपासताना ब्राउझरची खाजगी (इनकॉग्निटो) खिडकी उघडून बघा.

वाय-फायचा कोड

पाहुण्यांना पासवर्ड अक्षर-अक्षर सांगण्यातून सुटका हवी असेल तर हा कोड सगळ्यात उपयोगी. यासाठी साइटची अजिबात गरज नाही. अँड्रॉइड फोनवर, आवृत्ती १० पासून, सेटिंगमध्ये वाय-फायच्या चालू नेटवर्कवर जा आणि शेअर दाबा. फोन तुमचा पिन किंवा बोट मागेल, मग कोड दाखवेल. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन छापा. आयफोनवर आयओएस १८ पासून पासवर्ड्स नावाच्या ॲपमध्ये वाय-फायच्या यादीत तुमचं नेटवर्क उघडलं की तिथेही कोड मिळतो.

हे कळून असा की या कोडात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, कुलूपबंद नसतो. भिंतीवर कोड लावणं म्हणजे भिंतीवर पासवर्ड लिहिणं. त्यामुळे राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालू करा आणि कोड त्याचाच बनवा. पासवर्ड बदलला की कोड नव्याने छापावा लागतो, हेही ओघाने आलंच.

संपर्काचा कोड, म्हणजे स्कॅन केला की नाव-नंबर थेट फोनबुकात जातो तो, बनवताना मोह आवरा. नाव, एक फोन नंबर, एक ईमेल. पत्ता, पद, फॅक्स, तीन साइट असं भरत गेलात तर व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्यात न मावणारा कोड तयार होतो. आणि पैसे घेण्याचा कोड कुठल्याही इतर साधनातून बनवू नका. तो स्वतःच्या बँकेच्या किंवा पैशाच्या ॲपमधूनच घ्या.

छापताना

कोड बिघडतात ते बहुतेक इथे, डिझाइनच्या टेबलावर.

चारही बाजूंना किमान चार घरांइतकी पांढरी कड मोकळी असली पाहिजे. डिझाइन करणाऱ्याला ती वाया गेलेली जागा वाटते आणि तो कोड कापून मजकुराला खेटून बसवतो. मग डोळे सापडायला कॅमेऱ्याला त्रास होतो. कड हा कोडचाच भाग आहे असं त्याला स्पष्ट सांगा.

गडद ठिपके, फिकी पार्श्वभूमी. उलटं, म्हणजे काळ्यावर पांढरे ठिपके, बरेच फोन वाचतात पण सगळे नाही. फिकट पिवळ्यावर राखाडी वगैरे प्रयोग करू नका. रंग हवाच असेल तर गडद निळा किंवा गडद हिरवा घ्या.

मापाचा अंदाज असा: कोड जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा हवा. हातात धरायच्या कागदावर दोन-अडीच सेंटिमीटर चालतो, तीन मीटरवरून बघायच्या फलकावर तो ३० सेंटिमीटरचा लागतो. मोठा छापायचा असेल तर एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारा चित्राचा प्रकार) किंवा पीडीएफ घ्या. छोटं पीएनजी ताणलं की घरांच्या कडा पुसट होतात, आणि जेपीजीत ठिपक्यांभोवती धूळ उडाल्यासारखं दिसतं.

मध्ये लोगो का चालतो? कारण कोडात तोच मजकूर पुन्हा उभा करता यावा म्हणून जादा माहिती भरलेली असते. तिच्या चार पातळ्या आहेत: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. शेवटच्या पातळीवर जवळजवळ ३० टक्के भाग वाचता आला नाही तरी कोड चालतो. लोगो ठेवायचा तर ही सर्वांत वरची पातळी घ्या, लोगो लहान ठेवा, आणि तीन डोळ्यांना हात लावू नका. याची किंमत घरांत मोजावी लागते: मघाची २६ अक्षरांची लिंक या पातळीवर २५ × २५ ऐवजी ३३ × ३३ होते. शिवाय लोगोवरच सगळी सवलत खर्च केली तर पुढे कागदाला चुरगळण्याची, ओरखड्याची मुभा उरत नाही. मी स्वतः लोगो घालत नाही.

चकचकीत लॅमिनेशन दिव्याखाली आरशासारखं चमकतं. बारीक बाटलीच्या गोलाईवर कोड वाकतो. पत्रकाच्या घडीवर कोड आला तर नेमका तिथेच तो फाटतो. आणि तळघरात, लिफ्टमध्ये, जिथे फोनला रेंज नाही तिथे लिंकचा कोड लावून काय उपयोग?

कोडच्या खाली दोन गोष्टी लिहा: स्कॅन केल्यावर काय मिळणार, आणि हाताने टाइप करता येईल अशी छोटी लिंक. ‘स्कॅन करा’ एवढंच लिहिलेलं असेल तर मी तरी करत नाही. ‘तीन दिवसांचं वेळापत्रक’ लिहिलं असेल तर करतो. आणि तोच फलक फोनवरून पाठवणार असाल तर कोड जवळपास बिनकामाचा आहे, कारण माणूस स्वतःच्या स्क्रीनवरचा कोड स्वतःच्या कॅमेऱ्याने कसा वाचणार? स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्समध्ये उघडता येतो, पण इतकी खटपट कोण करतं? संदेशात सरळ लिंक टाका.

सगळ्या प्रती छापण्याआधी एकच प्रत काढा, खऱ्या मापाची, खऱ्या कागदावर. ती एका अँड्रॉइडवर, एका आयफोनवर आणि घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर स्कॅन करा. वाय-फाय बंद ठेवा, मोबाइल डेटावर पान उघडायला किती वेळ लागतो ते बघा. स्क्रीनवरचा कोड चालला म्हणजे कागदावरचा चालेलच असं नाही.

स्कॅन करणाऱ्याच्या बाजूने

कोड माणसाला वाचता येत नाही, आणि फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात. आयफोनचा कॅमेरा २०१७ पासून कोड थेट वाचतो, अँड्रॉइडवरही कॅमेरा किंवा लेन्स पुरते. वेगळं स्कॅनर ॲप घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच ॲपना तुमच्या कोडपेक्षा तुमच्या माहितीत रस असतो. पत्ता दिसला की आधी वाचा, मग टिचकी मारा. कोडमुळे उघडलेल्या पानाने पासवर्ड, ओटीपी किंवा ॲप बसवायला सांगितलं तर मागे फिरा. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करायला कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला देत नाही, तुमच्याकडून घेतोय.

तुमचा स्वतःचा कोड चारचौघांत लावलेला असेल तर महिन्यातून एकदा त्याच्यासमोर उभं राहून तो स्कॅन करा. आणि स्कॅन करण्याआधी कडेवरून नख फिरवून बघा, वरून दुसरा कागद चिकटवलेला असेल तर नखाला लागतो.